शनिवारी न थांबलेली फीत

जे आपल्या हाती असते ते सर्वस्वी आपले असतेच असे नाही. आणि जे आपले असते ते पुष्कळदा आपल्या हाती नसते. आपल्या पूर्वसूरींनी अशा वस्तूसाठी 'निक्षेप' हा शब्द योजिला. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. ठेव सांभाळणाऱ्याने ती प्राणापलीकडे जपावी, तिच्याकडे पाहून सुखही मानावे. परंतु ती वाटण्याची वेळ आली, तर ज्याची आहे त्याला आधी विचारावे. दुसऱ्या बाजूने पाहता, आनंद एकट्याने भोगू नये, चार घरी द्यावा, ही रीतही तितकीच पवित्र आहे. या दोन धर्मांत ओढाताण झाली की भली माणसेही गोंधळून जातात. मित्रांनो, अशाच एका गोंधळाच्या मध्यभागी मी सापडले होते. त्यातून सारे सुखरूप बाहेर पडले, म्हणून आज निवांत मनाने तुमच्याशी बोलते आहे.

काळ्या कवचात दोन चाकांवर गुंडाळलेली मी एक चित्रफीत. लोक मला व्हिडिओ कॅसेट म्हणत. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलीही नसेल. माझी फीत लांबलचक आणि केसासारखी नाजूक. तिच्यावर लोहाच्या भुकटीचा अतिशय पातळ लेप. त्या लेपात चित्र आणि आवाज साठवून ठेवण्याचे सामर्थ्य असते. रोह्याच्या बाजारातील एका दुकानातून जोसेफ नावाच्या गृहस्थाने मला घरी आणले, तेव्हा मी अगदी कोरी होते.

जोसेफचे घर निडीजवळच्या एका गावात होते. घरात आई रेचलबाई, जोसेफची पत्नी आणि बहीण हन्ना. हे ज्यू कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कोकणात नांदत आले होते. भाषा मराठी, जेवण भाताचे, देवाची प्रार्थना मात्र आपल्या पूर्वजांच्या रीतीने. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवारतेली म्हणत. घाणे गेले, पण शनिवारची विश्रांती गेली नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्या घरात कोणी काम करीत नसे, यंत्राला हात लावीत नसे. गडग्यापलीकडे भात आणि वाल पिकविणारे पोपटराव आणि त्यांची पत्नी कृष्णाबाई राहत. दोन घरांमधला तो दगडी गडगा ओलांडून ओलांडून मधोमध खचला होता. तो दुरुस्त करण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

त्या वर्षी विमलबाई नावाची एक तरुण दिग्दर्शिका आपल्या छायाचित्रकारासह गावात आली होती. ज्यू घरातील मलिदा तिला चित्रित करावयाचा होता. मंगल प्रसंगी भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओले खोबरे कालवून, वर फळे मांडून ताट सजवितात, एलियाहू नबी या आपल्या प्रेषिताचे स्मरण करतात आणि मग तो मलिदा जमलेल्या प्रत्येकाला वाटतात. त्या वेळी रेचलबाई एक जुने मराठी गीत गात असत. ते कोठे लिहिलेले नव्हते. ते त्यांच्या आईने त्यांना ओव्यांसारखे कानी दिले होते.

चित्रण आटोपून ती गेली आणि काही महिन्यांनी निरोप आला की कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार आहे. घर आनंदले आणि लगेच स्तब्ध झाले. प्रक्षेपण शनिवारी दुपारी होते.

"शनवारी? आता गो आई?" हन्ना म्हणाली.

"आता काय? देवानं दिलेला दिवस मी माझंच तोंड बघायला मोडू काय?" रेचलबाई सुपातले तांदूळ निवडीत शांतपणे म्हणाल्या. "तोंड हाय ते हाय. आरशात बघीन."

तेव्हा गडग्यावरून पोपटरावांचा आवाज आला, "जोसेफ, ते तुझं रेकॉर्डिंगचं डबडं माझ्या टीव्हीला लाव. बटण मी दाबतो. तुम्ही तारे मोजून झाले की या निवांत बघायला."

अशा रीतीने शुक्रवारी, सूर्य मावळण्यापूर्वी, मी यंत्रासह गडगा ओलांडला. कोणती दोन बटणे एकदम दाबावयाची, हे जोसेफने पोपटरावांना पुनःपुन्हा शिकविले. मला आत सरकविणार तोच कृष्णाबाई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या.

"वहिनी, पूड आत जाईल तिच्या!" जोसेफ ओरडला.

"नवी वस्तू हाय, तशीच कोरड्या कपाळानं कामाला लावू? बोटभर लावते. नाय मरत ती."

माझ्या पाठीवरचा तो कुंकवाचा ठिपका आजही पुसट दिसतो. शपथेवर सांगते, त्याने माझे काही बिघडले नाही.

शनिवारी पोपटरावांनी स्नान करून बटणे दाबली. अर्धे गाव त्यांच्या पडवीत जमले होते. पडद्यावर मलिद्याचे ताट आले, रेचलबाई आल्या, त्यांचे गीत सुरू झाले:

'उघडा गो दार, पाहुणा दारी,
वाटेचा भागला, पाणी द्या झारी.'

पलीकडे आपल्या ओटीवर बसून रेचलबाई स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. ऐकण्याला त्या दिवशी मनाई नव्हती. "मी हितं बसलेय आणि गातेय तिकडं," त्या हन्नाला म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून हसल्या.

कार्यक्रम संपत आला आणि पोपटरावांच्या ध्यानी आले की बंद कसे करावयाचे, हे शुक्रवारी विचारावयाचे राहून गेले. ते गडग्याशी धावले.

"जोसेफ, संपत आला रे! बंद कसं करू?"

जोसेफने ओटीवरून नुसते हात हलविले.

"अरे बोल की! बोलायला पण बंदी हाय काय?"

"बोलायला नाय, पोपटदादा. काम सांगायला हाय."

पोपटराव यंत्रासमोर परतले. चुकीचे बटण दाबले आणि झालेले सारे पुसले गेले तर? "रेचलमावशी मला वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात घालून भाजील," असे म्हणून त्यांनी हात मागे बांधले आणि काहीही दाबले नाही. मी फिरतच राहिले. कार्यक्रमाच्या शेवटी येणारी नावे, साबणाची जाहिरात, बातम्या, भातावरील करपा रोगाविषयीचा सल्ला, हवामान, सारे माझ्यात उतरले. माझी फीत संपली तेव्हाच यंत्र आपोआप थांबले.

सायंकाळी तीन तारे उमटले. मंडळी गडगा ओलांडून आली. रेचलबाईंनी स्वतःला पाहिले आणि विचारले, "ही म्हातारी कोण गो?" मग गीत संपेपर्यंत त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. शेवटी हवामानाचा अंदाज आला तेव्हा मात्र जोसेफ पोट धरून हसला. माझ्यावर पुन्हा कोणी दुसरे काही उतरवू नये म्हणून त्याने माझ्या कडेची इवलीशी पट्टी तोडून टाकली. मित्रांनो, एवढे जपले जाणे फार थोड्या वस्तूंच्या भाग्यात असते.

नंतरची वर्षे जशी सर्वांची जातात तशी माझी गेली. सणावाराला मी यंत्रात बसे, पाहुण्यांकडून कौतुक ऐके. रेचलबाई निवर्तल्या. गावातील इतर ज्यू घरांप्रमाणे जोसेफही पत्नी आणि तान्ही लेक शीरा यांना घेऊन इस्राएलला गेला. हन्ना गेली नाही. कोणी कारण विचारले तर म्हणे, "तिकडं मी मराठीत भांडू कुणाशी?" पुढे यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना. मी कपाटात मुकी झाले. माझ्या शेजारच्या कॅसेटींवर दमट हवेने पांढरी बुरशी चढली. एके दिवशी कृष्णाबाईंनी ते पाहिले, मला कोरड्या फडक्यात गुंडाळले आणि आपल्या घरच्या तांदळाच्या डब्यात खोल ठेवले. "तांदूळ ओल पितो," एवढेच त्या म्हणाल्या. त्या काळोखात मी किती पावसाळे काढले ते मला ठाऊक नाही. पण मी कोरडी राहिले.

एका सकाळी डब्यात हात शिरला आणि मला उजेड दिसला. शीराचे लग्न ठरले होते. लग्नाआधीच्या मलिद्याला आजीचे गीत व्हावे, असा तिने हट्ट धरला होता. हन्नाला पहिली दोन कडवी येत, पुढची येईनात. जोसेफलाही आठवत नव्हती. जगात ती कडवी आता फक्त माझ्यापाशी होती.

पोपटरावांचा नातू आदेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामावर जाई. "हन्नाआत्या, पेणला निलेशचं दुकान हाय. जुन्या लग्नांच्या कॅसेटी तो मोबाइलात उतरवून देतो. माझ्याकडं दे," तो म्हणाला. निलेशने मला प्रेमाने पुसले, आपल्या जुन्या यंत्रात बसविले आणि आवाज ठीक येतो का हे पाहण्यासाठी सुरुवातीचा एक तुकडा उतरवून आदेशला दिला. पूर्ण प्रत पाच दिवसांनी मिळणार होती.

येथे आदेशचे पाऊल घसरले. त्याच्या मनात पाप नव्हते. मलिदा काय एकट्याने खायचा असतो, असे त्याने मनाशी म्हटले आणि तो तुकडा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. एवढ्यावर तो थांबता तर गोष्ट वेगळी होती. पण तरुण वय! त्याने चित्रावर झळकत्या अक्षरांत लिहिले, 'सादरकर्ता आदेश, चित्रण आदेश'. हजारो लोकांनी ते पाहिले आणि त्याची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी चित्र तेथून नाहीसे झाले. त्याच्या जागी सूचना होती: मूळ निर्मातीच्या तक्रारीवरून हे काढून टाकण्यात आले आहे. खाली तिचे नाव आणि संपर्काचा क्रमांक होता. शिफ्ट सुटताना आदेशने ती वाचली. त्याचा सोबती काळुराम खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "झालं! आता तुझी शिफ्ट पोलीस चौकीत. जेवणाचा डबा मी आणून देईन हां."

आदेश घरी आला तो पांढराफटक पडून. त्याहून वाईट म्हणजे निलेशने फोनवर सांगितले, "भाऊ, परवानगी आण, मग प्रत घे. तोवर कॅसेट खणात बंद. माझं दुकान जायचं नाय तर." शीराचा मलिदा चार दिवसांवर आला होता आणि गीत पेणच्या एका खणात माझ्यासह कोंडले गेले होते.

हे सारे आणि पुढचे बोलणे मला हन्नाकडून नंतर ऐकायला मिळाले. ती ते आजही हसत हसत सांगते. पोपटराव पडवीत खालच्या आवाजात म्हणाले होते, "बटण मी दाबलं होतं. मला पण नेतील काय गो?"

"तुम्हाला नेऊन करतील काय?" कृष्णाबाई म्हणाल्या. "बंद करायचं बटण तुम्हाला अजून सापडलं नाय!"

हन्ना मात्र हसली नव्हती. तिने सूचनेवरचे नाव पुनःपुन्हा वाचले. "अरे, ही तर आपली विमलबाई. आईच्या हातचा मलिदा खाल्लाय तिनं. लपायचं कशाला? विचारू." तिने तिथल्या तिथे क्रमांक लावला. विमलबाई आता वृद्ध झाल्या होत्या आणि योगायोग असा की पेणमध्येच राहत होत्या. "उद्या सकाळी दुकानात येते," एवढेच त्या कोरडेपणाने बोलल्या.

दुसऱ्या दिवशी खण उघडला. मी पाहिले, तर दुकानात निलेशखेरीज हन्ना, पोपटराव आणि मान खाली घातलेला आदेश उभे होते. हन्नाच्या हाती पितळी डबा होता. काठी टेकीत एक पांढऱ्या केसांच्या बाई आत आल्या.

"बाई, आमची चूक झाली," हन्नाने सुरुवात केली. "पोर हाय म्हणून सोडा, असं नाय सांगणार. चोवीस वर्षांचा घोडा हाय."

विमलबाईंचे ओठ किंचित हलले. पण त्या आदेशकडे वळल्या. "चित्रण आदेश. तेव्हा जन्मला होतास का रे?"

"नाय."

"मग कॅमेरा कोणी धरला होता?"

आदेशने नकारार्थी मान हलविली.

"रघूनं. आमचा छायाचित्रकार. रेचलबाई अनोळखी माणसासमोर गायला लाजत होत्या, म्हणून तो घरात आलाच नाही. खिडकीबाहेर, चिखलात, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं सगळं टिपलं. पायाला जळू चिकटली, पण कॅमेरा हलला नाही. तो आता नाही. त्याचं नाव होतं, तेवढ्या जागी तू आपलं लिहिलंस. माझं नाव वगळलंस याचं मला काही वाटलं नाही."

आदेशच्या डोळ्यांत पाणी आले. "मला नाव ठाऊक नव्हतं, बाई. पण विचारायला पायजे होतं."

मग विमलबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी जे सांगितले ते, मित्रांनो, मी तुमच्यासाठी जसेच्या तसे ध्यानात ठेवले आहे. एखादा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून कोणी आपल्यापुरता उतरवून घेतला, तर त्याला कायदा चोरी म्हणत नाही. त्या शनिवारी पोपटरावांनी केले त्यात भिण्यासारखे काही नव्हते. परंतु त्या प्रतीच्या आणखी प्रती काढून वाटणे, ती जगासमोर मांडणे, हा निर्मात्याचा हक्क आहे. आणि तो कार्यक्रम वाहिनीवर दाखविला गेला तरी निर्मितीचा हक्क विमलबाईंच्या लहानशा संस्थेनेच आपल्याकडे राखला होता. "मलिदा वाटावा, खुशाल वाटावा," त्या म्हणाल्या, "पण तो आपल्या पोह्यांचा असावा. शेजारच्या ताटातला उचलून वाटला, तर पुण्य कुणाचं?"

"मग शीराचं गाणं?" हन्नाचा आवाज बारीक झाला होता.

"ते देणार की. नातीला आजीचं गाणं नको म्हणायला मी कोण राक्षसीण आहे?" विमलबाई प्रथमच मोकळ्या हसल्या. "पण मला आधी एक पाहायचंय. माझी मूळ फीत पुरात गेली. वाहिनीकडंही शिल्लक नाही. हक्क माझ्याकडं आहे आणि चित्र नाही, अशी माझी गत. तुमच्या प्रतीत शेवटची नावं आहेत का? बहुतेक लोक नावं सुरू झाली की बंद करतात."

हन्नाने पोपटरावांकडे पाहिले. पोपटराव छताकडे पाहू लागले.

निलेशने मला यंत्रात बसविले. चाके फिरली. मी जुनी, माझ्या अंगावर रेघा. पण मी माझे सारे बळ एकवटले. मलिद्याचे ताट आले. रेचलबाईंचे गीत पहिल्या कडव्यापासून अखेरच्यापर्यंत पूर्ण उमटले, आणि हन्ना विसरलेल्या ओळी ओठांनी पकडीत गेली. मग पडदा काळा झाला. क्षणभर मलाही भीती वाटली. आणि पांढरी अक्षरे वर सरकू लागली. त्यांत एक ओळ होती: 'छायाचित्रण : रघू म्हसकर'.

विमलबाईंनी हात जोडले. यंत्र थांबविण्याचे कोणाला सुचले नाही. त्यामुळे साबणाची जाहिरात, बातम्या आणि भातावरील करपा हे सारे मी यथासांग दाखवीत राहिले.

"हे काय?" विमलबाई भानावर येऊन म्हणाल्या.

"करपा," पोपटराव गंभीरपणे म्हणाले. "पुढं हवामान पण हाय. बंद करायची घाई कधी करू नये, हे मी तेव्हापासून सांगतोय."

सारे दुकान हसले. आदेशही हसला, डोळे पुशीत. हन्नाने त्या शनिवारच्या न सापडलेल्या बटणाची गोष्ट सांगितली. विमलबाई म्हणाल्या, "दादा, तुम्हाला बटण सापडलं असतं तर रघू गेला असता हो." पोपटरावांनी आयुष्यात एवढी शाबासकी कधी मिळविली नसेल.

निरोप घेण्यापूर्वी विमलबाई हन्नाकडे वळल्या. "आता माझी पाळी. गाणाऱ्याचाही आपल्या गाण्यावर हक्क असतो. तेव्हा रेचलबाईंना मी विचारलं होतं. आता इंटरनेटवर हा कार्यक्रम पुन्हा नीट, सगळ्या नावांसकट दाखवावा असं मला वाटतं. तुमची आणि जोसेफची परवानगी आहे का?"

 हन्नाने पितळी डबा उघडला. पोह्यांचा, गुळाचा, वेलचीचा वास दरवळला. तिने पहिला घास विमलबाईंच्या हातावर ठेवला, आणि मग म्हणाली, "जोसेफला विचारते. नाय म्हणाला तर तिकडं जाऊन भांडीन."

जोसेफ नाही म्हणाला नाही. त्या संध्याकाळी एक प्रत शीराकडे गेली, एक विमलबाईंना मिळाली, एक हन्नापाशी राहिली. पुढे कार्यक्रम सर्वांसाठी खुला झाला तेव्हा शेवटची नावे आदेशने स्वतः तपासली. विमलबाईंच्या सांगण्यावरून त्यांखाली एकच नवी ओळ आली: 'जतन : पोपट आणि कृष्णाबाई'. आपले नाव त्याने कोठेच घातले नाही. त्याबद्दल त्याला कोणी बोलले नाही, आणि ते बरेच झाले.

शीराच्या मलिद्याच्या दिवशी पोपटरावांच्या पडवीत भिंतीला टेकवून मोबाइल ठेवला होता. दूरच्या देशात नवरी मुलगी गात होती, 'उघडा गो दार, पाहुणा दारी.' उच्चार जरा परके होते, चाल मात्र तीच. हन्नाने इकडून साथ धरली. गीत संपले तरी पोपटरावांनी कोणाला मोबाइल बंद करू दिला नाही.

मी आता पुन्हा तांदळाच्या डब्यात आहे, नव्या फडक्यात. माझे काम झाले, याचे मला समाधान आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी फीत असेल, एखादा जुना फोटो, कोणाचा तरी आवाज. तो ओलीपासून जपा. तो वाटावासा वाटला तर कोणाचा आहे ते आधी विचारा. मन मोकळे ठेवून विचारलेत तर दार बहुधा उघडते. आणि वाटताना कोणाचे नाव गाळू नका. चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढेच एक घर असते.

शीराच्या घरी पाहुण्याला सदैव पाणी मिळो. विमलबाईंच्या दृष्टीला शांती लाभो. आदेशच्या हातून पुष्कळ चांगले चित्रण घडो, आणि त्याखाली त्याचेच नाव शोभो. खचलेला तो गडगा तसाच राहो. सर्वांचे कल्याण असो.